सडी स्वारी की मैदानी लढाई?

संगणकावर किंवा मोबाइलवर खेळले जाणारे युद्धाचे खेळ आपण पाहिले असतील. कदाचित खेळलेही असतील. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील पालिका बाजारात एकेकाळी अशा खेळांच्या कॅसेटी आणि तबकड्या घेण्यासाठी मुलांची गर्दी होत असे. आज तोच खेळ मेट्रोच्या डब्यात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या तळहातावर चालू असतो. यांपैकी अनेक खेळांत एक क्षण हमखास येतो. समोर शत्रूचा पहारा असतो. भिंतीच्या सावलीतून, पावलांचा आवाज न करता पलीकडे जावे, की शस्त्र उपसून सरळ चालून जावे, हे खेळणाऱ्याला ठरवावे लागते.

लपून जाण्याच्या खेळांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९८७ मध्ये जपानमध्ये ‘मेटल गिअर’ नावाचा खेळ निघाला. हिदेओ कोजिमा हा त्याचा कर्ता. ज्या घरगुती संगणकासाठी हा खेळ करायचा होता, त्याच्या पडद्यावर एकाच वेळी पुष्कळ शत्रू आणि पुष्कळ गोळ्या हलत्या दाखवणे जमत नसे. लढाईचा खेळ हवा, पण लढाई दाखवण्याइतके बळ यंत्रात नाही, अशी अडचण होती. त्यातून कोजिमाने वाट काढली. त्याच्या खेळातील नायक शत्रूशी लढण्याऐवजी त्याची नजर चुकवत पुढे जाऊ लागला. साधने अपुरी होती, म्हणून युक्तीला महत्त्व आले.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. सतराव्या शतकात सह्याद्रीच्या मुलखात नेमके हेच घडले होते. ‘गनीम’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ शत्रू किंवा लुटारू. मोगलांच्या कागदपत्रांत मराठ्यांना ‘गनीम’ म्हटले जाई. शत्रूने हिणवण्यासाठी वापरलेला हा शब्द मराठ्यांच्या युद्धपद्धतीला कायमचा चिकटला आणि पुढे अभिमानाचा झाला. गनिमी कावा म्हणजे केवळ लपणे नव्हे. आपल्या सोयीची जागा आणि वेळ निवडणे, शत्रूची रसद तोडणे, त्याच्या मोठ्या सैन्यालाच त्याचे ओझे बनवणे आणि त्याने हात उगारण्याआधी तेथून नाहीसे होणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी अशीच कोंडीत पकडली. १६६३ मध्ये पुण्याच्या लाल महालात शायिस्ताखानावर रात्रीचा छापा घातला गेला. पण याच महाराजांच्या सैन्याने १६७२ मध्ये साल्हेरला मोगलांशी उघड्या मैदानावर लढाई केली आणि जिंकली. म्हणजे कावा हा त्यांचा एकमेव मार्ग नव्हता. अनेकांपैकी एक होता.

सह्याद्रीत डोंगर, जंगल आणि किल्ले मराठ्यांच्या मदतीला होते. पुढच्या शतकात मराठे दिल्लीच्या आसपास पोहोचले, तेव्हा यांपैकी काहीच त्यांच्यापाशी नव्हते. यमुनेच्या दोन्ही तीरांवर सपाट मैदान, ओळखीचा नसलेला मुलूख आणि परकी भाषा. या मैदानात, आज ज्याला आपण राजधानीचा परिसर म्हणतो तेथे, १७३७ ते १८०४ या काळात ‘लपून की समोरून’ हा प्रश्न मराठी सेनानींपुढे पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्यांनी दिलेली उत्तरे वेगवेगळी होती.

पहिले उत्तर थोरल्या बाजीराव पेशव्यांचे. १७३७ च्या आरंभी मल्हारराव होळकर यमुना ओलांडून दोआबात, म्हणजे गंगा आणि यमुना यांच्या मधल्या प्रदेशात गेले होते. तेथे अयोध्येचा नबाब सादतखान याने त्यांचा पराभव केला. ही चकमक काही फार मोठी नव्हती. परंतु सादतखानाने बादशहा महंमदशहा याला असे कळवले की, मराठ्यांना आपण चंबळेपार हाकलून लावले आहे. दरबारात आनंद झाला. मोगलांचे मोठमोठे सरदार आपापल्या फौजा घेऊन आग्रा-मथुरेच्या बाजूला जमले.

बाजीरावांपुढे दोन वाटा होत्या. या एकवटलेल्या फौजांशी भिडायचे, किंवा मागे फिरायचे. त्यांनी तिसरी वाट काढली. जड सामानसुमान त्यांनी बुंदेलखंडात ठेवून दिले. आपल्याकडे याला ‘सडी स्वारी’ असा नेमका शब्द आहे. सडी म्हणजे तंबू, बाजार, बायकामुले, अवजड तोफा असे काहीही बरोबर न घेता निघालेली. घोडा, स्वार, भाला आणि पुढच्या मुक्कामापुरता दाणा एवढेच त्यांच्या पदरी. मोगली फौजांना बगल देऊन, मेवातच्या डोंगराळ भागाच्या कडेने लांबलांब मजला मारत बाजीराव चैत्रात, रामनवमीच्या सुमारास, थेट दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले. ज्यांना चंबळेपार पिटाळल्याची बातमी बादशहाने नुकतीच ऐकली होती, ते मराठे कालकादेवीच्या देवळापाशी आले होते. तेथे जत्रा भरली होती. स्वारांनी जत्रेकरूंना लुटले. हा प्रसंग काही गौरवाचा नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता खरा पेच आला. पुढे शहर होते आणि मागे मोगलांची मुख्य फौज पाठलागावर निघणार हे उघड होते. दिल्लीची उपनगरे जाळावीत, असा विचार आधी बाजीरावांच्या मनात होता. धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच तो सांगितला आहे आणि तो का सोडून दिला, हेही सांगितले आहे. बादशहा आणि त्याचा एक प्रमुख सरदार यांचा कल तहाकडे आहे. अमर्याद वागून शहर जाळले, तर पुढच्या बोलण्याचा धागाच तुटेल, असा त्यांचा हिशोब होता. म्हणून शहराला उपद्रव होऊ नये या बेताने त्यांनी तळ मागे, तालकटोऱ्याच्या बाजूला हलवला. मराठे मागे सरले, त्याअर्थी घाबरले, असा समज करून घेऊन शहरातून सुमारे आठ हजारांची फौज बाहेर पडली. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर आणि इतर सरदार तिच्यावर तुटून पडले आणि तिचा मोड झाला. संध्याकाळी वजीर कमरुद्दीनखान येऊन थडकला. थोडी चकमक झाली. दुसऱ्या दिवशी बाजीराव तेथे नव्हते. रेवाडीच्या वाटेने ते राजपुतान्याकडे निघून गेले होते.

या स्वारीत लपणे आणि लढणे यांची सांगड कशी घातली गेली, ते पाहण्यासारखे आहे. दिल्लीपर्यंत येताना कोणाच्या नजरेस पडायचे नाही. पोहोचल्यावर मात्र साऱ्या शहराला दिसायचे. कारण स्वारीचा हेतूच आपण जिवंत आणि समर्थ आहोत हे बादशहाला दाखवण्याचा होता. लढाई एकच, तीही आपल्याहून दुबळ्या तुकडीशी. मुख्य फौज येण्याआधी माघार. २०१२ मध्ये निघालेल्या ‘डिसऑनर्ड’ नावाच्या एका खेळात नायक जितकी जास्त माणसे मारतो, तितकी नगरातील रोगराई वाढते आणि गोष्टीचा शेवट काळवंडतो. शहर जाळण्याचा बेत सोडताना बाजीरावांनी मांडलेला हिशोब याच जातीचा होता.

तेवीस वर्षांनी याच दिल्लीच्या उत्तरेस यमुनेच्या काठी वेगळेच घडले. अफगाणिस्तानचा अहमदशहा अब्दाली पंजाब ओलांडून आला होता आणि नजीबखान रोहिला त्याला मिळाला होता. त्यांनी नदी उतरू नये म्हणून दत्ताजी शिंदे घाट राखत होते. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटाजवळ, थंडीमुळे ओसरलेल्या पात्रातल्या झाऊच्या आणि बोरूच्या दाट झुडपांतून रोहिल्यांचे बंदूकवाले पुढे सरकले. शिंद्यांच्या स्वारांपाशी मुख्यतः भाले आणि तलवारी होत्या. झुडपांत दडलेल्या माणसावर घोडा घालता येत नाही. लपण्याचे शस्त्र या वेळी शत्रूच्या हाती होते. दत्ताजी तेथेच पडले. मरताना त्यांनी शत्रूला दिलेले उत्तर मराठी घरांत आजही सांगितले जाते. तरणे जनकोजी जखमी झाले आणि फौज मागे हटली.

त्यानंतर मल्हाररावांनी जुना मार्ग धरला. ते दोआबात शिरले, अब्दालीकडे निघालेल्या खजिन्याची बातमी लागताच त्याच्यावर डोळा ठेवून थांबले आणि ४ मार्च १७६० रोजी सिकंदराबादजवळ, म्हणजे आजच्या बुलंदशहर जिल्ह्यात, अफगाण सरदार जहानखानाने त्यांच्यावरच अचानक झडप घातली. छापा घालणाऱ्यांवर छापा पडला. गनिमी काव्यात घोड्याइतकेच जासूद आणि हरकारे महत्त्वाचे असतात. बातमी उशिरा पोहोचली की सडी फौज केवळ थोडी फौज उरते.

यानंतर येते पानिपत. या विषयावर मराठीत जितके लिहिले गेले, तितके दुसऱ्या कोणत्याही पराभवावर क्वचितच लिहिले गेले असेल. सदाशिवराव भाऊ १७६० च्या मार्चमध्ये दक्षिणेतून निघाले, तेव्हा ते नुकतेच जिंकलेले सेनानी होते. फेब्रुवारीत उदगीरला त्यांनी निजामाला नमवले होते. त्या विजयात इब्राहिमखान गारदी याच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा मोठा वाटा होता. तोफा आणि शिस्तीचे पायदळ असेल तर समोरासमोरची लढाई जिंकता येते, हा धडा भाऊंना अनुभवातून मिळाला होता. तो चुकीचा नव्हता. पण तोफखाना चालतो बैलांच्या गतीने. आणि या फौजेबरोबर बायकामुले होती, व्यापारी होते, उत्तरेकडील तीर्थे करण्याच्या इच्छेने निघालेले यात्रेकरू होते. लढणाऱ्या माणसांपेक्षा न लढणारी माणसे अधिक झाली होती.

आग्रा-मथुरेच्या परिसरात मल्हारराव होळकर आणि भरतपूरचा जाट राजा सूरजमल यांनी सल्ला दिल्याचे जुन्या वृत्तान्तांत आढळते. जड सामान आणि कुटुंबकबिला मागे किल्ल्यांवर ठेवावा, सड्या फौजेने अब्दालीची रसद मारावी, उन्हाळा येऊ द्यावा. मग तो आपण होऊन परत जाईल, असा तो सल्ला होता. भाऊंनी तो मानला नाही. त्यावरून त्यांना हट्टी आणि गर्विष्ठ ठरवण्याची पद्धत पडली. हा निवाडा थोडा घाईचा आहे. इब्राहिमखानाचे गारदी हे घोडदौडीचे सैन्य नव्हते. तोफा मागे ठेवल्या असत्या तर त्यांचे कामच उरले नसते. शिवाय छापे घालण्यात अब्दालीचे स्वार मराठ्यांहून कमी नव्हते. तरीही एक गोष्ट खरी आहे. कोणत्या पद्धतीने लढायचे, हे पानिपतच्या मैदानावर ठरले नाही. ते बऱ्याच अंशी दक्षिणेतून निघताना, बरोबर कोण आणि काय घ्यायचे यातच ठरून गेले होते.

२००९ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ या संगणकखेळात मराठ्यांचे राज्य घेऊन खेळता येते. पण खेळातल्या फौजेमागून लेकुरवाळ्या बायका आणि यात्रेकरू चालत नाहीत. खेळणारा हरला, तर आधी जतन करून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करतो. भाऊंना ती सोय नव्हती.

ऑगस्टच्या आरंभापर्यंत दिल्ली मराठ्यांच्या हाती आली होती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी उत्तरेला कुंजपुऱ्याचे ठाणे जिंकले. अब्दाली तेव्हा पुराने भरलेल्या यमुनेच्या पूर्व तीरावर अडकला होता आणि हे सारे पाहत होता. नदी उतरता येणार नाही, असा मराठ्यांचा समज होता. ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ उतार शोधून अब्दाली पलीकडे आला, आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध उभा राहिला. भाऊंनी पानिपतला खंदक खोदून तळ दिला. तोफांच्या आड बसलेल्या या तळावर सरळ चालून येण्याचे धाडस अब्दालीनेही केले नाही. त्याने मराठ्यांचाच जुना डाव मराठ्यांवर टाकला. त्याचे स्वार दाणावैरण आणायला गेलेल्या तुकड्या कापू लागले. भाऊंनीही आपल्या बाजूने तोच डाव खेळून पाहिला. गोविंदपंत बुंदेले दोआबात शिरून अब्दालीकडे जाणारे धान्य अडवत होते. डिसेंबरमध्ये ते अचानक झालेल्या हल्ल्यात मारले गेले. त्याच महिन्यात रात्रीच्या एका झुंजीत बळवंतराव मेहेंदळे पडले.

जानेवारी १७६१ च्या आरंभीचा एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. दिल्लीहून थोडे स्वार पैसा घेऊन रात्रीच्या अंधारात पानिपतकडे निघाले होते. ओझे वाटून घेतलेले, मशाल नाही, आवाज नाही. छपून जाण्याचे सर्व नियम पाळलेले. वाट चुकून ते अफगाणांच्या तळात शिरले. आपल्याच माणसांत पोहोचलो असे समजून ते मराठीत बोलू लागले, आणि त्या बोलण्यानेच ओळखले गेले. फारच थोडे वाचले.

तळात उपासमार सुरू झाली होती. घोडे मरत होते, सांडलेल्या रक्ताची आणि कुजलेल्या जनावरांची दुर्गंधी पसरली होती. उपाशी मरण्यापेक्षा बाहेर पडावे, असे सरदारांनी ठरवले. योजना गोलाच्या लढाईची होती. तोफा आणि गारदी बाहेरच्या बाजूला, कुटुंबकबिला मध्ये, आणि या चालत्या किल्ल्याने शत्रूची फळी बाजूला सारत पुढे सरकायचे. ही योजना ना लपण्याची होती ना हल्ल्याची. यशस्वी व्हायला तिला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे प्रत्येकाने आपली जागा न सोडणे. १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची भयंकर हानी केली. पण शत्रू मागे हटतो आहे असे पाहून काही सरदारांच्या स्वारांनी गोल सोडून मुसंडी मारली. स्वार पुढे आल्यामुळे आपल्याच तोफांना मारा थांबवावा लागला. आयुष्यभर सडी स्वारी केलेल्या माणसाला संधी दिसताच घोडा पुढे काढावासा वाटणारच. त्याच सवयीने तोवर अनेक लढाया जिंकल्या होत्या. दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेले ताजे स्वार आणि उंटांवरच्या छोट्या तोफा मैदानात आणल्या. विश्वासराव गोळी लागून पडले. पुढचे सर्वांना माहीत आहे. गोलाच्या मध्यभागी असलेल्या माणसांना पळायला घोडेही नव्हते.

चाळीस वर्षांनी शिंद्यांच्या पलटणी कवायत, बंदुका आणि तोफा या बाबतींत कोणत्याही युरोपीय फौजेच्या तोडीच्या झाल्या होत्या. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीसमोर, यमुनेच्या पूर्वेला पटपडगंजजवळ दौलतराव शिंद्यांची फौज इंग्रज सेनापती जनरल लेक याच्यासमोर उभी ठाकली. तिचे नेतृत्व लुई बूर्कां या फ्रेंच अधिकाऱ्याकडे होते. जागा उत्तम निवडली होती. समोरच्या उंच गवतात तोफा लपवलेल्या होत्या. लेक आपल्या घोडदळासह पुढे आला तेव्हा त्याचे पायदळ बरेच मागे होते, आणि त्या तोफांनी त्याचे स्वार भाजून काढले. लेकने मग घोडदळाला मागे हटण्याचा हुकूम दिला. मराठ्यांच्या फौजेला ती पळापळ वाटली. आरोळ्या ठोकत ती आपली भक्कम जागा सोडून पाठलागाला निघाली. मागून येणाऱ्या इंग्रज पायदळाने मध्ये वाट करून आपले घोडदळ पलीकडे जाऊ दिले, पुन्हा फळी जुळवली आणि संगिनी रोखून हल्ला केला. पळ काढल्याचा बहाणा करून शत्रूला जागेवरून हलवणे हा गनिमी काव्याचा पहिला पाठ. तो या वेळी इंग्रजांनी गिरवला, आणि बळी पडली ती मराठ्यांची कवायती फौज. शिंद्यांच्या ६८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या आणि दिल्ली गेली.

पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी जुन्या पद्धतीला पुन्हा धार आणली. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनच्या फौजेला चिखलातून, फुगलेल्या नद्यांतून आग्ऱ्यापर्यंत माघार घ्यायला लावून त्यांनी तिची दाणादाण उडवली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी दिल्लीला वेढा घातला. मात्र तटबंदी फोडणे हे घोडदळाचे काम नव्हे. आठवडाभरात वेढा उठला. यशवंतराव दोआबात शिरले आणि लेक त्यांच्यामागे लागला. लेकनेही आता जड सामान टाकून दिले होते. १७ नोव्हेंबरला रात्रभर चालून पहाटे त्याने फर्रुखाबादजवळ होळकरांचा झोपलेला तळ गाठला. यशवंतराव थोड्या स्वारांनिशी निसटले.

पटपडगंजच्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. बुराडीला यमुनेचे पात्र अजूनही थंडीत ओसरते. तालकटोऱ्याला बाग आणि क्रीडागृह आहे, आणि कालकाजीची जत्रा आजही भरते. मेट्रोच्या ‘कालकाजी मंदिर’ स्थानकावर उतरून देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते की, एका चैत्रात याच ठिकाणी मराठी स्वारांचे घोडे येऊन थांबले होते.